घरातली खबर

आमच्या घरात त्या वर्षी शेंगाची चटणी कधी संपलीच नाही. डबा काठोकाठ भरलेला असला तरी आई भाजलेले दाणे मिक्सरच्या भांड्यात टाकायची, बटण दाबायची आणि त्या घरघराटात माझ्या कानाशी तोंड आणून विचारायची, "सगुणाचा निरोप आला का?" किंवा, "कॉलेजातनं येताना मागं कोण होतं?" मी मानेनंच हो-नाही करायची. मिक्सर बंद झाला की ती मोठ्यांदा म्हणायची, "मीठ कमी पडलं बघ." बाहेर ओसरीवर बसलेली आत्या तिथूनच ओरडायची, "अगं विमल, किती चटणी करतीस? दुकान टाकायचंय का?" आई हसायची, पण तिचे डोळे हसायचे नाहीत. ते खिडकीतून समोरच्या पानटपरीकडं लागलेले असायचे. तिथं एक मोटारसायकल रोज उभी असायची. तिच्यावर बसणारा माणूस पान खात नव्हता, चहा पीत नव्हता, कोणाची वाटही बघत नव्हता.

उमरग्याचं आमचं घर हायवेपासून दोन गल्ल्या आत होतं. हैदराबादकडं जाणारे ट्रक गेले की मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती, की बंद पडला तरच जाग यायची. खाली आम्ही चौघं राहायचो. आई, माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, अण्णांची थोरली विधवा बहीण, म्हणजे आत्या, आणि मी. वरच्या खोलीत बसवराज बिराजदार नावाचा एक औषध कंपनीचा प्रतिनिधी भाड्यानं राहायचा. बॅग घेऊन दिवसभर दवाखाने फिरायचा आणि संध्याकाळी आत्याच्या हातचा चहा प्यायला खाली यायचा. आत्याचा त्याच्यावर जीव होता. धपाटे केले की पहिला घास त्याला वर पाठवायची आणि वाटीत दही घालायला विसरायची नाही.

आईचं काम साप्ताहिक काढायचं. चार पानांचं, सोलापूरला छापून यष्टीनं यायचं, आणि स्टँडवर गठ्ठा उतरवून घ्यायला ती स्वतः जायची. त्याआधी ती एका मोठ्या पेपरची तालुका वार्ताहर होती. पाण्याच्या टँकरची तिची एक बातमी छापायची राहून गेली आणि त्याच जागी टँकरच्या ठेकेदाराची वाढदिवसाची जाहिरात आली, तेव्हा तिनं ते काम सोडलं. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "आता माझ्या बातमीवर दुसऱ्याचा हात नको." अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांनी स्वतःच्या टेबलाचा अर्धा भाग तिला मोकळा करून दिला. पहिल्या अंकांचं शुद्धलेखन तेच तपासायचे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की अण्णांना आईचं काम पहिल्यापासून खुपत होतं. तसं नव्हतं. तिचं नाव छापून आलं की ते शाळेत अंक घेऊन जायचे आणि स्टाफरूमच्या टेबलावर विसरल्यासारखा ठेवून यायचे.

सगुणा आमच्याकडं आली ती उन्हाच्या तापात, डोक्यावर पदर घेऊन. जवळच्याच गावची. दोन मुली होत्या आणि पुन्हा दिवस राहिले होते. माठातलं पाणी पिऊन झालं तरी ती बोलेना. शेवटी आईनं आत्याला भाजी आणायला पाठवलं तेव्हा म्हणाली, "बाई, माज्या जावंला टीव्ही बघाया न्हेलं हुतं." आईला आधी कळलंच नाही. मग एकेक बाहेर आलं. आठवड्याला एक जीप येते. डॉक्टर पेटीतून मशीन आणतो. गाव दर वेळी वेगळं, कोणाच्या तरी शेतातल्या कोठीत. पोटावर मशीन फिरवतो आणि मुलगा की मुलगी ते तोंडानं सांगत नाही. मुलगा असला तर म्हणतो, "औषध चालू ठेवा." मुलगी असली तर म्हणतो, "परत या." सगुणाची जाऊ परत गेली होती आणि घरी आली ती ताप घेऊन. आठवडाभरात गेली. "आता सासू मला म्हणती, चल," सगुणा म्हणाली. "तुमी कायतरी ल्ह्या."

डॉक्टरचं नाव आईला माहीत होतं. हायवेवर त्याचा दवाखाना होता. नाव मी इथं लिहीत नाही. तो आता हयात नाही आणि त्याची मुलं भली आहेत. नुसतं लिहून काही होणार नाही, मशीनसकट धरलं पाहिजे, हे आईनं ओळखलं. जिल्ह्याच्या आरोग्य पथकात एक अधिकारी बाई होत्या, त्या तिच्या ओळखीच्या. आईनं त्यांना गाव कळवलं, पथक गेलं, आणि कोठी रिकामी निघाली. फरशी नुकतीच धुतलेली होती आणि फिनेलचा वास येत होता. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. या वेळी तर कोठीच्या दाराला झेंडूच्या फुलांचं तोरण बांधलेलं, जणू पाहुण्यांच्या स्वागताला.

आई परत आली आणि हातपाय न धुताच चौकटीत उभी राहिली. "पथकातल्या बाईंना गाव मी वाटेत सांगते. गाडी सुटल्यावर," ती हळू म्हणाली. "त्याच्या आधी मी ते फक्त या घरात बोलते."

त्या वाक्यानंतर आमचं घर पहिल्यासारखं राहिलं नाही. फोन यायला लागले. आईनं उचलला की पलीकडं नुसता श्वास. मी उचलला की एक पुरुष, अगदी मायेच्या आवाजात: "पोरी, आज येसर आमटी केली व्हती व्हय? वास हितपर्यंत आला." आमटी खरंच केली होती. मी रिसीव्हर ठेवला आणि ताटावर बसले. कोण सांगतंय? मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. आत्या देवळात जाते तिथं बायकांशी काय बोलते? बसवराजची बॅग रोज त्याच दवाखान्यात जाते, मग तो काय औषधंच विकतो? त्याच्या खोलीची मोरी आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर होती. तिथून खालचं ऐकू येत असेल का? एकदा तो कामावर गेल्यावर मी वर जाऊन मोरीजवळ कान लावून बसले. खाली आत्या एकटीच गुणगुणत भांडी घासत होती. शब्द न् शब्द कळत होता. मी ते आईला मिक्सरच्या आवाजात सांगितलं. आईनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला आजही आठवतं. ती क्षणभर मलाही तपासत होती.

आत्याच्या कानावर आमची कुजबुज गेली असावी. तिनं बसवराजला चहा देणं बंद केलं. दोन संध्याकाळी तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला, मग आईला म्हणाला, "ताई, म्या ह्या धंद्यात हाय म्हणून तुमाला शंका येती व्हय? तसं असलं तर सरळ बोला." आई आत स्वयंपाकघरात निघून गेली. तेव्हा ती कोणालाच हो किंवा नाही म्हणत नव्हती.

त्यानंतर एका दुपारी आम्ही गच्चीवर मिरच्या वाळत घालत होतो. खाली वामकुक्षी चालली होती. आई मिरच्या पसरता पसरता म्हणाली, "मी तिघांना तीन गावं सांगितलीत. वन्सांना आलूर. बसवराजला मुरूम. तुझ्या अण्णांना येणेगूर. पथक परवा तिथं जाणार म्हणून. कुठंच कोणी जाणार नाही. फोन आला तर नीट ऐक."

"अण्णांना कशाला?" मी विचारलं.

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना," ती म्हणाली. "तुझ्या अण्णांना सोडलं तर मग मला वन्सांनाही सोडावं लागंल."

दुसऱ्या दिवशी फोन मीच उचलला. तोच मायेचा आवाज. "पोरी, आईला म्हणावं येणेगूरला ऊन लई हाय. उगं जाऊ नका."

मी रिसीव्हर धरून तशीच उभी राहिले. समोर आरामखुर्चीत अण्णा उत्तरपत्रिका तपासत होते. लाल पेनानं खूण करत होते, ओठ हलत होते, बेरीज चालली होती. त्यांनी वर बघून विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "राँग नंबर." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बेरजेला लागले. आयुष्यात माणसाचा चेहरा त्याच्या नकळत वाचायचा प्रसंग माझ्यावर पुढं पुष्कळदा आला, धंदाच तो पत्करला मी; पण त्या दिवशी अण्णांच्या चेहऱ्यावर मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. "नक्की येणेगूर म्हणाला?" मी हो म्हटलं. तिनं कणीक मळून पूर्ण केली, वर ओलं फडकं टाकलं, हात धुतले. मला वाटलं आता बाहेर जाऊन ती काहीतरी बोलेल, ओरडेल. ती बाहेर गेली आणि म्हणाली, "अहो, चहा टाकू का?"

पुढच्या आठवड्यात सगुणाचा निरोप आला: गुरुवारी, सीमेजवळच्या एका गावात. सासूनं तिला तयार राहायला सांगितलं होतं. सगुणानंच मन घट्ट केलं. ती जाणार, आणि पथक मागून येणार. तिच्याबरोबर धाकटी बहीण म्हणून कोणीतरी हवं होतं. आईनं मला विचारलं, सांगितलं नाही. मी हो म्हटलं. बुधवारी जेवताना आई अण्णांच्या पानात भाकरी वाढत म्हणाली, "उद्या नळदुर्गच्या बाजूला जायचंय. पथक सकाळीच निघणार." अण्णा म्हणाले, "जपून जा." मी मान खाली घातली आणि भाकरी कुस्करत राहिले. दोघंही एकमेकांशी खोटं वागत होते आणि दोघांचाही आवाज किती घरगुती होता.

गुरुवारी जीपमध्ये आम्ही सहा बायका होतो; मी आईचं लुगडं नेसून पदर कपाळावर ओढला होता. गावोगावच्या बाया गोळा करणारी एजंट बाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसून सुपारी कातरत होती. कोठीत कडब्याचा वास होता आणि खाटेवर स्वच्छ पांढरी चादर. सगुणा आडवी झाली तेव्हा तिनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. डॉक्टरनं पोटावर गार मलम लावलं, मशीन फिरवलं, पडद्याकडं बघितलं. अगदी साध्या, दमलेल्या आवाजात म्हणाला, "परत या."

सगुणानं डोळे मिटले. मी ठरल्याप्रमाणं दारात जाऊन पदर झटकला. पलीकडच्या उसाच्या शेतातून आधी आई आली, मग त्या अधिकारी बाई, मग पोलीस. डॉक्टर पळाला नाही. त्यानं हातातला कागदी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि आईकडं बघून म्हणाला, "तुम्ही तर नळदुर्गला होता ना?"

अंक शनिवारी आला. अण्णांनी तो उभ्यानंच वाचला. स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. आत्याही तिथंच होती.

"तू मला नळदुर्ग म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"आणि तुम्ही त्यांना नळदुर्ग सांगितलंत," आई म्हणाली.

मग अण्णा पाटावर बसले आणि सांगायला लागले. शाळेच्या फाटकावर त्यांना एक माणूस भेटला होता. त्यानं माझं नाव घेतलं, माझ्या कॉलेजची वेळ सांगितली, मी कुठल्या वळणावर उतरते ते सांगितलं. म्हणाला, सर, काही करायचं नाही, फक्त गाव कळवा, म्हणजे गाडी दुसरीकडं नेता येईल. अण्णांना वाटलं, चार खेपा रिकाम्या गेल्या की विमल आपोआप थकेल. "कोणाचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. गाडी हलायची, एवढंच. कोणाचं काय बिघडत होतं?"

"परत जाणाऱ्या बायांचं बिघडत होतं," आई म्हणाली. "आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू थांबली असतीस?"

आई ओट्यावरची भांडी आवरायला लागली. मला वाटतं, खरं उत्तर नाही असंच होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. "तूही मला वापरलंस, विमल," अण्णा म्हणाले. "व्हय," आई म्हणाली. "वापरलं." आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि वर जिन्याकडं बघितलं. बसवराजनं दोनच दिवसांपूर्वी खोली सोडली होती. आई दुसऱ्या दिवशी त्याला शोधायला त्याच्या गावी, गुलबर्ग्याला गेली. तो भेटला, त्यानं पाणी दिलं, पण परत आला नाही.

डॉक्टरला जामीन झाला आणि लगेच आईवर तक्रार झाली. खंडणीची. बातमी दाबण्यासाठी बाईनं पैसे मागितले, नवरा निरोप पोचवायचा, त्याचे फोन आलेले आहेत. पोलीस आले तेव्हा आई केस विंचरत होती. तिनं वेणी पूर्ण घातली आणि गेली. तिला ठाण्यात बसवून ठेवलं. वकील घरी आले आणि अण्णांना म्हणाले, "सर, फोन कशासाठी केले ते सांगायची गरज नाही. आठवत नाही म्हणा. पुढं कोर्टात बघू." आत्या अण्णांच्या पाया पडल्यासारखी म्हणाली, "अरे, तू खरं बोललास तर गावभर व्हईल. शाळंत तोंड कसं दावशील?" अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाले, "चल."

मला वाटलं ते वकिलांचं ऐकतील. रिक्षात मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसांत माझा त्यांच्यावर काडीचा भरवसा उरला नव्हता.

ठाण्यात मोठ्या साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं; व्हरांड्यातल्या बाकावर आई बसली होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. साहेबांनी अण्णांना खुर्ची दिली. त्यांचा मुलगा अण्णांच्या वर्गात होता.

"सर, तुम्ही त्यांना फोन केले होते?"

"केले होते."

"पैशाचं बोलणं करायला?"

"न्हाय." अण्णा कधी न्हाय म्हणायचे नाहीत, वर्गात मुलांना त्यावरून टोकायचे. "पैशाचा शब्द कधी निघाला न्हाय. मी माझ्या बायकोची खबर देत होतो. ती कुठं जाणार, कधी जाणार. तिला हे ठाऊक नव्हतं. पोरीच्या जिवाची धमकी होती म्हणून मी भ्यालो. लिहून घ्या, मी सही करतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सर, हे बाहेर जाईल."

"जाऊ द्या," अण्णा म्हणाले. "मी सांगितलेलं सगळं बाहेरच गेलंय आजवर."

ते गेलंच बाहेर. आईला संध्याकाळी सोडलं, पुढं त्या तक्रारीतून काही निघालं नाही. डॉक्टरचा खटला मात्र वर्षानुवर्षं चालला. शाळेत अण्णा फळ्याकडं वळले की मागून कोणीतरी फोनची घंटी वाजल्याचा आवाज काढायचं. त्यांनी ते ऐकून घेतलं, बदली मागितली नाही. सगुणाला मुलगी झाली. ती मुलगी आज एका शाळेत शिकवते. लग्नाची पत्रिका द्यायला आली तेव्हा मी तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत बसले आणि ती बिचारी अवघडून गेली.

मी स्वतः पुढं याच कामात आले. जिल्ह्याचं नाव बदललं, उमरग्याचा हायवे रुंद झाला, समोरची पानटपरी गेली. तरी अजून मी भरल्या घरात मनातलं बोलत नाही. मुलगा म्हणतो, आई, तू आम्हाला पत्ते सांगतेस तेसुद्धा आवाज खाली करून. त्याला मी काय सांगणार? संशय येणं वाईट नाही. तो खरा ठरला की माणूस मोडतो, आणि खोटा ठरला की बसवराजसारखं कोणीतरी जिना उतरून निघून जातं.

आई आणि अण्णा एकाच घरात राहिले. वाढणं, दुखणंखुपणं, माझं लग्न, सगळं दोघांनी मिळून केलं. फक्त आई कामाला निघाली की पिशवी खांद्याला लावून सरळ बाहेर पडायची. कुठं ते सांगायची नाही आणि अण्णा विचारायचे नाहीत. ती जाईपर्यंत ते मुद्दाम परसात, नाही तर मोरीत कुठंतरी असायचे, म्हणजे चुकूनसुद्धा काही कानावर पडायला नको. अशी किती वर्षं गेली असतील. मग एकदा मी बाळंतपणाला माहेरी होते तेव्हाची गोष्ट. सकाळी आई निघाली, ओसरीपर्यंत गेली आणि परत आत आली. अण्णा परसात तुळशीला पाणी घालत होते. ती मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "लोहाऱ्याला चाललेय. रेशनचं बघायचंय. पाचच्या गाडीनं येते."

अण्णांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "बरं," एवढंच म्हणाले.

आई गेली. अण्णा आत येऊन खुर्चीत बसले. त्या दिवशी फोन दोनदा वाजला. मी बाळाला पाजत होते, म्हणून आतूनच म्हटलं, "अण्णा, उचला की." ते फोनकडं बघत बसले, आणि पाच वाजेपर्यंत ते ना कोणाशी एक शब्द बोलले, ना उंबऱ्याच्या बाहेर गेले.